हात आवरण्याचं बळ

महाडच्या चवदार तळ्याचं नाव निघालं की ओंजळीतलं पाणी डोळ्यांपुढे येतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी २० मार्च १९२७ रोजी ते पाणी प्यायलं, तो क्षण मोठाच. पण आज सकाळी मला त्याच्या पुढचे काही तास आठवावेसे वाटतात.

पाणी पिऊन माणसं आपल्या परिषदेच्या मंडपात परतली होती. कुणी गावची वाट धरली होती, कुणी जेवायला बसलं होतं. तेवढ्यात महाडात हूल उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेतच नव्हता. तरी लाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. अन्नात माती कालवली गेली, हाती लागेल त्याला मार बसला. जीव वाचवायला धावलेल्या काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी बंगल्यावर होते. अधिकारी आले तेव्हा त्यांनी सांगितलं, तुम्ही त्या लोकांना आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो. ही माणसं काही लेचीपेची नव्हती. त्यांच्यात पलटणीतून निवृत्त झालेले, लढाई पाहिलेले शिपाई होते. आपले लोक रक्तबंबाळ झालेले त्यांना दिसत होते आणि ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही.

त्यांना संताप आला नसेल, असं मी मुळीच मानत नाही. पण काठीला काठी भिडली असती, तर पाण्याचा हक्क बाजूला पडून महाडात दंगल झाली एवढंच उरलं असतं. शिवाय दूरच्या खेड्यांत, गावाबाहेरच्या चार घरांत परतणाऱ्यांवर त्याचा सूड उगवला गेला असता. डोकं भणाणून जावं अशा घडीला इतक्या पुढचं दिसणं, ही मला त्या दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते. आपल्याला कुणी डिवचतं तेव्हा आपला तोल जावा, हीच त्याची इच्छा असते.

हल्ला करणाऱ्यांवर खटला झाला आणि जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

डिसेंबरात पुन्हा कस लागला. त्याच तळ्यावर सत्याग्रह करायला हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते आणि ऐन वेळी न्यायालयाचा मनाईहुकूम आड आला. जमलेल्या उत्साहाला थांब म्हणणं मार खाण्याहून कठीण असतं. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. लोकांनी ऐकलं, मिरवणुकीने तळ्याला फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. पुढे दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि चवदार तळ्याचं पाणी कायद्यानेही त्यांचं झालं.