गुण कुणाचा?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उभी राहिली आणि 1949मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. माणसांबरोबर त्यांच्या रक्तातला एक वारसाही आला, बीटा थॅलेसेमियाचा. देशात सरासरी तीन-चार टक्के लोक या आजाराचे वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण 4 ते 17 टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर प्रकार होण्याची शक्यता चारात एक. बदलापूरच्या एखाद्या मराठी घरात ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं, तो आजार एक-दोन स्टेशनं अलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या कितीतरी घरांना माहीत असतो. दोन्हीकडे निदानानंतर नातेवाइकांचा पहिला सल्ला बहुधा एकच असतो : रक्त चालू राहू दे, पण सोबत हेही देऊन बघा.

या ‘सोबत’मध्येच सगळी गोम आहे. मेजरचा मूळ उपचार म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणं. सकाळी मलूल, किरकिरं असलेलं मूल संध्याकाळी ओठांवर रंग घेऊन घरी येतं, जेवण मागतं, खेळायला पळतं. दोनेक आठवडे बरे जातात आणि मग ते पुन्हा उतरायला लागतं. या भरती-ओहोटीत योग्य वेळी कोणतीही पुडी सुरू करा, तिचा गुण दिसणारच. रक्तदात्याने दिलेलं हिमोग्लोबिन पुडीच्या नावावर जमा होतं. दुसरी गंमत अशी, की थॅलेसेमिया इंटरमीडिया या सौम्य प्रकारातली काही मुलं वर्षानुवर्षं रक्ताशिवाय काढू शकतात. ‘आमच्या औषधाने रक्त बंद झालं’ असा दाखला कुणी दिला, तर ते मूल मुळात मेजर होतं का, हे आधी विचारावं. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते सांगत फिरत नाहीत. गप्प बसून दुसरा वैद्य शोधतात.

म्हणून ‘ॲलोपॅथी की आयुर्वेद’ हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणता आकडा हलला तर औषध लागू पडलं असं मानायचं आणि किती महिन्यांत तो हलला नाही तर ते सोडायचं, हे पहिला डोस देण्याआधी ठरलेलं असावं. गव्हांकुराच्या रसाचं उदाहरण यासाठी मोलाचं आहे. चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या घरचा अनुभव ऐकला, तो थट्टेवारी न नेता तपासला आणि 2004मध्ये निष्कर्ष छापले. तपासलेल्या 16 रुग्णांपैकी आठ जणांची रक्ताची गरज पाव हिश्शाने किंवा त्याहून अधिक घटली होती. आशा वाटावी असाच आकडा. पण अभ्यास लहान होता, पुढे झालेल्या दुसऱ्या एका भारतीय अभ्यासात तसा फायदा दिसला नाही, आणि रस आजही प्रमाण उपचारांत नाही. घरगुती उपायाला याहून अधिक आदराने वागवता येत नाही, असं माझं मत आहे.

यावर हमखास उत्तर येतं : घेऊन बघायला बिघडतंय काय? इथे बिघडतं ते लोहामुळे. रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जातं. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जेमतेम जातं. उरलेलं यकृतात, ग्रंथींत आणि हृदयात साठतं, आणि जीव बहुतेक वेळा हृदय घेतं. आता पांडुरोगावरची परंपरेतली औषधं आठवा : लोहभस्म, मंडूर भस्म. लोहाच्या कमतरतेने फिकट पडलेल्या माणसाला त्यांचा उपयोग असेल. थॅलेसेमियाच्या मुलाला ती देणं म्हणजे भरल्या हौदात नळ सोडणं. उलट जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह कमी शोषू देतो, हा साधा उपाय डॉक्टरही मान्य करतात. आणि ‘आयुर्वेदात सगळ्यावर इलाज आहे’ म्हणणाऱ्यांनी चरकसंहिता तरी मानावी. बीजदोषातून, म्हणजे आईबापांकडून वारशाने, आलेल्या प्रमेहाला ती असाध्य म्हणते. ही मर्यादा पुडीवाले सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : डॉक्टर तरी कुठे बरं करतात? खरं आहे. रक्त चढवून आजार जात नाही. 2011मध्ये गुजरातेतल्या जुनागढला रक्त घेणारी थॅलेसेमियाची मुलं एचआयव्हीबाधित आढळली, हेही विसरता येत नाही. लोह काढायला पूर्वी डेस्फेरालचा पंप रात्री आठ-दहा तास कातडीखाली सुई ठेवून लावावा लागे, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. मुलं कंटाळत आणि आईबाप हरत. 1995मध्ये सिप्लाने केल्फर या गोळ्या आणल्या आणि पुढे डेफेरासिरॉक्स आलं, तेव्हा तो जाच बराच कमी झाला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण सख्खं भावंड जुळण्याची शक्यताही चारात एकच, आणि त्यात जिवाचा धोका आहे. तेव्हा पुडीवाल्याला विचारायचा प्रश्न प्रत्यारोपण सुचवणाऱ्या डॉक्टरलाही विचारावा : तुमच्याकडे अशा किती मुलांचं झालं, त्यातली किती आज रक्ताशिवाय आहेत, किती गेली? फरक इतकाच, की तिथे या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते पडताळता येतं.

त्या उत्तरात घरच्यांचाही हिशेब येतो. इटलीतल्या पेझारोच्या लुकारेली यांनी प्रत्यारोपणाचा धोका आधी ओळखता यावा म्हणून मुलांचे तीन वर्ग पाडले. निकष तीनच : यकृत वाढलं आहे का, यकृतात व्रणासारखे तंतू धरले आहेत का, आणि लोह काढायचं औषध आजवर नियमित दिलं गेलं का. पुडीला गुण येतोय म्हणून गोळ्या बाजूला ठेवल्या, तर ती वर्षं या तिसऱ्या निकषात मोजली जातात, आणि बहुतेकदा पहिल्या दोनांतही.