प्रतीक्षेची किंमत कोणी मोजावी?

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून सुमारे ४०० किलोमीटर दूर. आमची ओळख मोसंबीच्या बागांची, कपाशीची आणि टँकरच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांची. तरीही माणसाच्या मनाला समुद्राची ओढ असतेच. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय सहलीत पाहून आलेली मराठवाड्यातील मुले तेथील रंगीत मासे वर्षानुवर्षे मनात बाळगीत आली. आज काचेची टाकी, कृत्रिम समुद्री मीठ आणि विजेचा पंप विकत मिळतो. त्यामुळे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय येथील एखाद्या घराच्या बैठकीतही उभे राहू शकते. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने असे मत्स्यालय मांडायला घेतले, तेव्हा त्याने मला विचारले, “फादर, सांगणारे सांगतात की आधी एक स्वस्तातला मासा सोडा. तो जगला तर पाणी तयार झाले समजा, मेला तर दुसरा सोडा. असे करणे योग्य आहे का?”

प्रश्न माशाचा म्हणून तो क्षुल्लक मानू नये. त्याचे मर्म कळण्यासाठी पाणी ‘तयार होणे’ म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळविले की पाणी खारट होते, पण त्याचा समुद्र होत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; उरलेले खाद्य कुजले की तोच वायू निर्माण होतो. अथांग समुद्रात तो विरून जातो, टाकीत मात्र साचतो आणि माशाचेच कल्ले जाळू लागतो. त्यावर सृष्टीने योजलेला उपाय डोळ्यांना दिसत नाही. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळ सौम्य असते. मातीत चालणारे हे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. आपल्या शेतात टाकलेला युरिया पिकाच्या अंगी लागतो तो बऱ्याच अंशी याच मार्गाने. ताजे शेण पिकाच्या मुळाशी घालू नये, ते कुजून मुरू द्यावे, हे आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. टाकीचेही तसेच आहे. हे जिवाणू वाढून स्थिरावायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

या कामी ‘जिवंत खडक’ वापरण्याची रीत आहे. प्रवाळांच्या मृत सांगाड्यांचा हा सच्छिद्र दगड. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास या नैसर्गिक पद्धतीची ओळख मत्स्यप्रेमींना करून दिली. दुधाला विरजण, तसा टाकीला हा खडक. त्याच्या पृष्ठभागावर वरील दोन्ही जिवाणू नांदतात, तर आतल्या प्राणवायू नसलेल्या छिद्रांत राहणारे तिसरे जिवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पण प्रवासात खडकावरील काही स्पंज व कृमी मरतात, कुजतात आणि पुन्हा अमोनिया होतो. म्हणून विरजण लावूनही थांबावे लागतेच. पाण्याची वरचेवर तपासणी करून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकल्यावरच पहिला मासा सोडायचा असतो.

हे थांबणे टाळण्यासाठी, किंवा रिकामी टाकी पाहवत नाही म्हणून, डॅमसेलसारखा काटक मासा आधी सोडला जातो. त्याने अमोनिया निर्माण करायचा आणि तोच सोसायचा! कोणी म्हणेल, “आपण मासे खातो, मग एका माशाचे एवढे काय?” आक्षेप रास्त आहे. प्रभूचे पहिले शिष्यही कोळीच होते. परंतु भुकेसाठी घेतलेला जीव आणि उतावीळपणापायी जाळलेला जीव यांत अंतर आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाने अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे मानले आहे. येथे ‘विनाकारण’ हा शब्द मोलाचा. दुसरा मार्ग उपलब्ध असताना केवळ आपला वेळ वाचावा म्हणून दिलेली यातना विनाकारणच ठरते. मासा अखेरीस जगला, याने ती यातना न्याय्य होत नाही. अनेकांच्या सोयीसाठी एकाने मरावे, हा हिशेब कयफानेही मांडला होता. हिशेब मांडणारा स्वतः त्या ‘एका’त कधीच नसतो, ही त्यातली खरी खोट.

मग खडकाचे काय? तोही कोठून तरी तोडूनच आणलेला असतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळखडक उचलून आणणे हे कायद्याच्या व विवेकाच्याही विरुद्ध.

सुदैवाने तिसरी वाट आहे. कोरडा किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा, जिवाणूंची बाटली आणावी आणि अमोनियासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड मोजून घालावे. याच क्षाराला मराठीत नवसागर म्हणतात. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच हा पदार्थ. फक्त टाकीसाठी तो शुद्ध हवा. या वाटेने कोणाचाही जीव भरडला जात नाही. वेळ मात्र अधिक लागतो, आणि तो मालकाने स्वतः द्यायचा असतो.

पाण्याचा विचारही ओघाने येतोच. २०० लिटरची टाकी म्हणजे आपल्या दारातला एक ड्रम. २०१२-१३ च्या दुष्काळात अशा एका ड्रमासाठी येथील मायबहिणी तासन्‌तास उभ्या राहिल्या. त्यात शुद्धीकरण यंत्र जितके पाणी गाळून देते, त्याहून बहुधा अधिक फेकून देते. तरुणाने छंद सोडावा असे मी म्हटले नाही. फेकले जाणारे ते पाणी धुण्याभांड्यांसाठी साठव, एवढे सांगितले.

ज्याला कोणाला घरी आणायचे, त्याच्यासाठी घर आधी तयार करणे ही आणणाऱ्याची जबाबदारी असते. नवी सून असो, कामावर आलेला नवा पोरगा असो वा काचेतला मासा असो, पहिल्या येणाऱ्यानेच सारे विष पचवावे ही रीत आपण सहज स्वीकारतो आणि तिला अनुभव असे गोंडस नाव देतो. प्रतीक्षा ही ज्याची इच्छा, त्यानेच करावी. तिची किंमत दुबळ्याच्या अंगावर ढकलली की छंदही अन्याय होतो. रिकाम्या टाकीसमोर सहा आठवडे बसणे हे सोसणे खरे. पण ते आपले सोसणे आहे.