हरकत घेणारं गाव

पालघरच्या हुतात्मा स्तंभाशी पाच जणांच्या स्मृती जोडलेल्या आहेत. 14 ऑगस्ट 1942 रोजी मोर्चावर गोळीबार झाला, त्यात मुरबे गावचे रामचंद्र चुरीही गेले. रस्त्यावर उतरणं या गावाला नवं नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये नियोजित मुरबे बंदराची जनसुनावणी पालघरला झाली, तेव्हाही किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधासाठी मोठ्या संख्येने जमले. बंदरावर पुष्कळ लिहिलं जातं. त्या गर्दीतल्या माणसाचं पुढे काय होतं, हे क्वचितच कुणी विचारतं.

वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचा राजकारणाशी संबंध एरवी मतदानापुरताच. हरकत लिहायला बसली की मात्र तिला नकाशात भराव कुठे, खाडीचं मुख कुठे, हे शोधावं लागतं. कुठे किती वाव पाणी आहे, हे घरात तोंडपाठ असतं. आता ते साहेबांपुढे कागदावर मांडायचं असतं. एकदा हे जमलं की ग्रामसभेत ती गप्प बसत नाही.

अशा हरकतींना कधी फळही येतं. शेजारच्या तारापूर एमआयडीसीच्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये हरित लवादाचं दार ठोठावलं आणि 2022 मध्ये कारखान्यांवर भरपाईचा आदेश झाला. लाल बावट्याच्या गोदावरी परुळेकरांनी 1945 मध्ये डहाणू भागातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. त्याच डहाणूतून 2019 आणि 2024 मध्येही लाल बावट्याचा आमदार निवडून आला.

आंदोलनात उतरलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे अमेरिकेत तपासलं गेलं आहे. तिथे 1964 च्या उन्हाळ्यात काही विद्यार्थी कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीत गेले. काही जण निवड होऊनही गेले नाहीत. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॅडम यांनी वीस वर्षांनंतर दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा गेलेले राजकारणात अधिक सक्रिय आढळले.

पण आंदोलन माणसाला कडूही करतं. डहाणूजवळचं वाढवण बंदर डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये नाकारलं आणि 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. पंचवीस वर्षं लढलेल्यांचा कागदावरचा विश्वास उडाला, तर दोष त्यांचा कसा म्हणायचा? ऐकून घेणाऱ्यांची जबाबदारी इथे अधिक जड आहे.

2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीचं इतिवृत्त शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. मुरबे, सातपाटी, नांदगावच्या प्रत्येकाने त्याची प्रत मागावी आणि आपली हरकत त्यात जशीच्या तशी आली आहे का, ते तपासावं.