मिसवाक, उपाधी आणि प्रमाण

एखादा उपचार दातांना गुणकारी आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे, हा प्रश्न दंतवैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. भाट्ट मीमांसकांनी त्यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी यांची भर घातली. क्लिनिकल चाचणीने या यादीत नवे प्रमाण आणलेले नाही. अनुमान कुठे फसते हे नैयायिकांनी ओळखले होते; ते फसू नये यासाठीची रीत चाचणीने घालून दिली.

अनुमान कसे चालते ते बहरीनमधील हमद टाउनच्या परिसरात पाहता येते. १९८४पासून वसलेल्या या शहराभोवती दिलमुन संस्कृतीच्या दफन-टेकड्या आहेत. इ.स.पू. २२०० ते १७५० या काळातील अशा टेकड्यांचा २०१९मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि त्यांत हमद टाउनमधल्याही आहेत. बहरीनच्या वेगवेगळ्या काळांतील थडग्यांतून निघालेल्या सांगाड्यांचे दात अभ्यासकांनी तपासले. त्यांतल्या काही समूहांत कीड आणि जिवंतपणीच पडलेले दात फार आढळले, आणि त्याचा संबंध खजुराच्या आहाराशी जोडला गेला. अनुमान सयुक्तिक आहे. पण मृतांचे वय, पाण्यातील क्षार, अन्नातली वाळू यांचा वाटा किती, हे निव्वळ दातांवरून वेगळे काढता येत नाही.

अशा लपलेल्या घटकाला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, ही व्याप्ती खोटी ठरते, कारण धूर निघायला ओले सरपण लागते; ते सरपण ही इथली उपाधी. चार्वाकांचा आक्षेप याच्याही पुढचा होता: दिसलेल्या उपाधी वगळता येतील, पण न दिसलेल्यांचे काय? यादृच्छिक वाटप हे या आक्षेपाला आजवर मिळालेले सर्वांत चांगले उत्तर आहे. कोणाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठीवर सोपवले, की गोड खाण्याची सवय, लाळेचा गुण, घरची सुबत्ता अशा ज्ञात-अज्ञात उपाधी दोन्ही गटांत साधारण सारख्या विभागल्या जातात. शंका पूर्ण मिटत नाही. योगायोगाने किती फरक पडू शकतो, याचा हिशेब मात्र मांडता येतो.

अन्वय-व्यतिरेकाचे, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे याचे, स्वच्छ उदाहरण १९६५मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी दिले. बारा निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबवले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. दातांवरचा जिवाणूंचा थर आणि हिरड्यांची सूज यांचा कार्यकारणसंबंध त्यातून पक्का झाला.

आखातात याच कसोटीला मिसवाक लागते. पीलूच्या झाडाच्या मुळाची किंवा फांदीची ही काडी. टोकाची साल सोलून ते चावायचे, तंतू सुटून कुंचला झाला की दातांवर फिरवायचा, आणि तंतू झिजले की तेवढा भाग कापून टाकायचा. चाचणीत दातांना रंग लावून उरलेला थर उघड करतात आणि प्रत्येक पृष्ठभागाला शून्य ते पाच गुण देतात. हातात काडी आहे की ब्रश, हे वापरणाऱ्यापासून लपत नाही; म्हणून गुण देणाऱ्याला तरी गट कळू नये अशी तजवीज करतात. नीट वापरलेली मिसवाक थर काढण्यात ब्रशच्या जवळपास येते असे अनेक चाचण्यांत दिसले. मात्र त्यांतल्या बऱ्याच लहान आणि काही आठवड्यांच्याच होत्या.

पुरावा तुटपुंजा असणे म्हणजे उपचार निरुपयोगी असणे नव्हे. दातांच्या फटींत फिरवायच्या दोऱ्याबद्दल, म्हणजे फ्लॉसबद्दल, २०१६मध्ये अमेरिकेत हाच गोंधळ झाला. मीमांसकांची योग्यानुपलब्धीची अट इथे उपयोगी पडते: एखादी गोष्ट असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा ठरतो. फटीतली कीड वाढायला वर्षे लागतात; काही महिन्यांच्या चाचणीत ती कमी झालेली दिसणार कशी?

सामान्य माणूस चाचण्या वाचत नाही. त्याच्यासाठी शेवटी शब्दप्रमाणच उरते. आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे असा, कोण, एवढाच प्रश्न. कॉक्रेन या संस्थेच्या २००३च्या आढाव्यात ७० चाचण्यांतील ४२ हजारांवर मुलांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा फ्लोराइडच्या टूथपेस्टने किडीची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी रोखलेली आढळली. इथे आप्तत्व व्यक्तीच्या अधिकारावर टेकलेले नाही, उघड केलेल्या पद्धतीवर टेकलेले आहे. तरी हा आकडा म्हणजे सरासरी. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांत विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे तो विचार न करता लावता येत नाही.

ज्ञान मिळवण्याच्या मार्गालाही धर्माधर्म असतो. स्वीडनच्या विपेहोल्म संस्थेत १९४०च्या दशकात मतिमंद रहिवाशांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात किडू दिले गेले. जेवणांच्या मधल्या वेळी खाल्लेली चिकट साखर सर्वांत घातक, हे त्यातून कळले. निष्कर्ष खरा आहे म्हणून कृत्य क्षम्य होत नाही. आणि कृत्य निंद्य होते म्हणून निष्कर्ष खोटाही ठरत नाही.

चाचणीची मर्यादा धार्मिक आचारात स्पष्ट होते. इस्लाममधील शाफिई मतानुसार रोजा असताना दुपारनंतर मिसवाक करणे नापसंत आहे, कारण उपवास करणाऱ्याच्या तोंडाचा वास ईश्वराला प्रिय मानला गेला आहे. हनफी मतात ती दिवसभर चालते. कितीही मोठी चाचणी हा मतभेद मिटवू शकत नाही, कारण वाद थराबद्दल नाही, उपासनेबद्दल आहे. उलट, पैगंबरांनी मिसवाकची शिफारस केली या श्रद्धेवरून ती ब्रशपेक्षा सरस आहे असेही सिद्ध होत नाही. मीमांसकांनी धर्माच्या बाबतीत वेदवचन प्रमाण मानले, पण इंद्रियांना दिसणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षाकडेच ठेवल्या. तीच वाटणी इथे लागू पडते: काडीने थर किती निघतो हे चाचणीने सांगावे, आणि ती कोणत्या भावनेने हाती घ्यावी हे परंपरेने.