मुळात चांगला माणूस

‘तो मुळात चांगला आहे,’ असं आपण सहज म्हणतो. जणू चांगुलपणा आत कुठेतरी ठेवलेला असतो आणि माणूस जाईल तिथे सोबत जातो. आपल्याच शरीरातल्या एका प्रथिनाबद्दल वाचल्यापासून मला या ‘मुळात’बद्दल शंका यायला लागली आहे.

त्याचं नाव एनफॅट. रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींमध्ये ते एरवी केंद्रकाबाहेर गप्प पडून असतं, अंगावर फॉस्फेट घेऊन. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण १०,००० पट कमी असतं. टी-पेशीला काही परकं सापडलं की कॅल्शियम आत येतं, कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ते फॉस्फेट काढून टाकतं. मग एनफॅट केंद्रकात शिरतं आणि हल्ल्याची तयारी करणारी जनुकं चालू करतं. कॅल्शियम उतरलं की पुन्हा फॉस्फेट लागतं आणि ते बाहेर येतं. क्षणभराची उसळी इथे पुरत नाही, कॅल्शियम काही काळ चढलेलंच राहावं लागतं.

आता समजा, आईने मुलाला किडनी दिली. मुलाच्या टी-पेशींना ती परकीच वाटते. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधं कॅल्सिन्यूरिनला अडवतात, हे १९९१ मध्ये उलगडलं. एनफॅट नष्ट होत नाही, फक्त दाराबाहेर राहतं. किडनी टिकते, पण जंतूंशी लढण्याची ताकदही घटते. मग एनफॅट चांगलं की वाईट? या प्रश्नालाच अर्थ नाही. ते कुठे आहे आणि समोर कोण आहे, हे विचारावं लागतं.

कोडच्या बाबतीत आम्ही इंजिनिअर हे विचारतो. कोड कितीही चांगला असो, त्याला कुठे काय करायची परवानगी आहे हे वेगळं तपासतो. माणूस ‘मुळात चांगला’ असला की मात्र थेट किल्ल्या हातात देतो.

मग दोष कुणाचाच नाही का? तसं नाही. एनफॅटला स्वतःची जागा कळत नाही, आपल्याला कळू शकते. ज्या ग्रुपवर रात्रंदिवस द्वेष झिरपत असतो, तिथे एका मेसेजने आपण बदलत नाही, रोज तिथे राहून बदलतो. तिथून बाहेर पडायला कुठलं एन्झाइम लागत नाही. आणि जो तो झरा मुद्दाम चालू ठेवतो, त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.