लॅपटॉपची उत्तरपूजा
खंडेनवमीला सांगवीतल्या कितीतरी घरांत लॅपटॉपलाही हळदकुंकू लागतं. मग तोच बंद पडला की कपाटाच्या वरच्या खणात, गुंडाळलेल्या चार्जरसोबत, वर्षानुवर्षं का पडून राहतो? आत फोटो असतात. शिवाय 'एवढे पैसे मोजले होते'!

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. वस्तूत अडकलेला जीव सोडवणं मात्र नियमांच्या आवाक्यातलं नाही.

परंपरेकडे त्यासाठी विधी आहे: उत्तरपूजा. अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची हलवली, की देवत्व निघालं, उरली माती. म्हणूनच पवना नदीच्या घाटावर विसर्जनाऐवजी मूर्तिदान करताना अनेकांचा हात अडखळत नाही. (थोडा अडखळतोच म्हणा.) लॅपटॉपचीही अशीच उत्तरपूजा करता येते: फोटो उतरवून घ्यायचे, डिस्क पुसायची. मग उरतं तांबं, प्लास्टिक आणि कणभर सोनं.