घरचा माणूस आणि दोन टक्के

"तुम्हाला घरचे समजून सांगतो." वाकड, पुनावळे, रावेत, मोशी. गेलं वर्षभर मी फ्लॅट बघत फिरतोय आणि हे वाक्य प्रत्येक एजंटकडून ऐकतोय. प्रश्न साधा आहे. जो माणूस माझ्याकडून कमिशन घेणार आणि विकणाऱ्याकडूनही घेणार, तो दोघांच्याही घरचा कसा असेल?

आधी आकडे बघू. पुण्यात रीसेलच्या व्यवहारात साधारण एक ते दोन टक्के ब्रोकरेज असतं, आणि बऱ्याचदा ते दोन्ही बाजूंकडून घेतलं जातं. ८० लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. घासाघीस करून किंमत ७५ लाखांवर आली, तर माझे ५ लाख वाचतात आणि एजंटचे माझ्या बाजूने फक्त १० हजार जातात. पण त्या १० हजारांच्या जोडीला त्याचे चार रविवार जातात आणि व्यवहार फिसकटायची भीती वाढते. म्हणजे माझ्या भल्यासाठी झटायचं तर त्याला पदरमोड करून झटावं लागतं. यात दुष्टपणा नाही, नुसता हिशोब आहे.

स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरांची विक्री तपासली होती. २००८ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतं आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला जातं. तिथली कमिशनची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे, पण मुद्दा पोचतो. माहिती तीच, बाजार तोच, फरक फक्त घर कोणाचं एवढाच.

यावर कोणी म्हणेल, धंदा म्हटला की स्वार्थ आलाच. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवलं आहे, की आपलं जेवण खाटीक आणि बेकरीवाला यांच्या दयेवर नाही, तर त्यांच्या स्वार्थावर चालतं. मान्य. पण पाव रोज लागतो. आज शिळा दिला तर उद्या मी समोरच्या दुकानात जाईन, हे बेकरीवाल्याला ठाऊक असतं. फ्लॅट मात्र माणूस आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा. फसलेलं गिऱ्हाईक परत न येणं ही एजंटला शिक्षाच नाही. ते तसंही परत येणार नव्हतं.

रावेतमधला एक एजंट मात्र वेगळा निघाला. आमच्या तालुक्याचा, मामांच्या ओळखीतला. ऑफिस म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा. कागदपत्रं बायको सांभाळते, मुलगी कोपऱ्यात बसून अभ्यास करते. घर एकट्याने बघू नका, आईवडिलांना आणा, असा त्यांचा आग्रह. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "पैसे कुणाचे आहेत?"

मी सांगितलं. ८० लाखांत ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता जवळपास ५२ हजार. म्हणजे व्याजासकट बँकेला सुमारे सव्वा कोटी जाणार. उरलेले २० लाख, वर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, शिवाय नोंदणी आणि ब्रोकरेज. त्यातले १२ लाख वडिलांचे. वडील एसटीतून रिटायर झालेत, हे त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे.

मला आवडलेल्या एका फ्लॅटबद्दल त्यांनी तेव्हाच सांगितलं, "नका घेऊ. तिथे पाण्याचे हाल आहेत. एप्रिल-मेमध्ये गेटवर अर्धा तास उभे राहा आणि टँकर मोजा. सोसायटीचा मेंटेनन्स कुठे जातो ते कळेल." मी म्हटलं, "काका, तुमचं कमिशन बुडेल की." ते हसले. "मला तुमच्या मामांना तोंड दाखवायचंय."

मला वाटतं, 'घरच्यासारखं' या शब्दाचा खरा अर्थ या उत्तरात आहे. नात्यातला माणूस प्रामाणिक राहतो त्याचं कारण फक्त माया नसते. लग्नात, बारशात, दिवाळीत पुन्हा भेट व्हायची असते. बेकरीवाल्याला जे रोजचं गिऱ्हाईक करायला लावतं, तेच एजंटला नातं करायला लावतं.

दीड महिन्याने तो फ्लॅट विकला गेला. त्यांच्यामार्फतच. घेणारं जोडपं दुसऱ्या राज्यातून नोकरीसाठी आलेलं. मी विचारलं, "त्यांना पाण्याचं सांगितलंत?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही."

मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. माझे १२ लाख त्यांनीच वाचवले. पण मला जे न विचारता मिळालं, ते त्या जोडप्याला विचारूनच मिळणार होतं. आणि शहरात नवा आलेला माणूस नेमकं काय विचारणार? घरच्यांशी घरच्यासारखं वागणं हा गुण खरा, पण त्याला कुंपण आहे. 'फक्त फॅमिलीसाठी', 'शाकाहारीच हवेत', आडनाव ऐकून 'जागा गेली हो' हे सगळं त्याच कुंपणाजवळ ऐकू येतं. आपल्यांसाठी जीव टाकणारी माणसंच अनेकदा ते बोलत असतात.

कायद्याने हे कुंपण थोडं मागे सरकवलं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटलाही नोंदणी लागते आणि खोटी माहिती देता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. नोंदणी क्रमांक हे एक प्रकारे परक्याला दिलेलं नातंच आहे: पुन्हा गाठता येईल असा पत्ता. पण या कायद्याचा रोख प्रकल्पांवर आहे, जुन्या सोसायटीतल्या रीसेलच्या गप्पांवर नाही. उन्हाळ्यात किती टँकर येतात हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

म्हणून एजंटने मला घरचं समजावं, अशी अपेक्षा मी सोडली आहे. घरचा होण्याइतक्या ओळखी सगळ्यांकडे नसतात, आणि माझा मामा नसता तर मीही त्या जोडप्याच्याच जागी असतो. आता मी नव्या एजंटला दोन प्रश्न विचारतो. गेल्या सहा महिन्यांत कुठलं घर घेऊ नका असं तुम्ही कुणाला सांगितलंत? आणि तो माणूस तुमच्या ओळखीचा होता का? पहिल्या प्रश्नाला बरेच जण उत्तर देतात. दुसऱ्याला 'नाही' म्हणणारा अजून एकच भेटला आहे. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे.